‘लाईन’ म्हणजे नेमकं काय? खानदेशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवते. आमचे नाना वीज खात्यात लाईनमन होते, त्यामुळे ‘लाईन’ हा शब्द मी शाळेत शिकायच्या कितीतरी आधी घरात ऐकला. वर्गातली मुलं आणि मुलांच्या निमित्ताने भेटणारे त्यांचे आईवडील या एका शब्दाबद्दल जेवढं विचारतात, तेवढं दुसऱ्या कुठल्या इंग्रजी शब्दाबद्दल विचारत नाहीत. फिरून फिरून येणारे प्रश्न आणि मला माहीत असलेली उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

‘लाईन’चा मूळ अर्थ काय? रेघ की रांग?

दोन्ही नाही. मूळ अर्थ दोरा. लॅटिन भाषेत जवसाच्या झाडाला ‘लिनम’ म्हणत आणि त्याच्या वाखापासून केलेल्या दोऱ्याला ‘लिनिआ’. हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी शिरला. जुन्या इंग्रजीत तो दोरी या अर्थाने होता, आणि पुढे फ्रेंचमधून रेघ, ओळ हे अर्थ घेऊन पुन्हा आला. दोरा ताणला की सरळ होतो. त्याच्या कडेने खूण केली की रेघ होते. त्या रेघेवर माणसं उभी राहिली की रांग होते. सगळे अर्थ असे एकातून एक निघालेले आहेत.

मुलांना हे शब्दकोशातून सांगितलं की ती विसरतात. म्हणून मी त्यांना जवळपास कुठे बांधकाम चालू असेल तिथे गवंड्याचं काम बघायला सांगते. विटांचा थर चढवायच्या आधी गवंडी दोन टोकांना दोन खिळे ठोकतो, त्यांना दोरी बांधतो, आणि बोटाने एकदा छेडून बघतो. ताण बरोबर असेल तर दोरी थरथरते आणि पुन्हा जागेवर येते. ढिली असेल तर मध्ये झोळ पडतो. या दोरीला आपल्याकडचे गवंडी ‘लाईनदोरी’ म्हणतात. म्हणजे ‘दोरी-दोरी’! इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ आणि मराठी शब्द एकमेकांशेजारी उभे आहेत, आणि शब्द वापरणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. मला हा शब्द फार आवडतो.

आपल्याकडेही हेच घडलेलं आहे, तेही फार आधी. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दावरून आला. सूत्र म्हणजे दोरा, तो धरणारा सुतार. सुताराच्या मापात इंचाच्या आठव्या भागाला आजही ‘सूत’ म्हणतात. आणि वाकडं वागणारा माणूस ताळ्यावर आला की आपण म्हणतो, ‘सुतासारखा सरळ झाला’. हल्लीची मुलं त्याच माणसाबद्दल म्हणतात, ‘आला लाईनीवर’. दोन्हींत ताणलेला दोराच आहे.

मग ‘लिनन’, ‘लायनिंग’ आणि ‘लाईन’ यांचं नातं आहे का?

आहे, सख्खं. लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. जाड कपड्याला आतून हे मऊ कापड लावत, म्हणून अस्तराला ‘लायनिंग’ म्हणू लागले. शिंप्याकडे ब्लाउजला ‘लायनिंग लावा’ म्हणताना आपण जवसाचंच नाव घेतो. आपण मात्र जवस धाग्यासाठी लावत नाही, बियांसाठी लावतो. चटणी होते, तेल निघतं. झाड तेच, निळ्या फुलांचं.

‘लाईन गेली’ म्हणजे काय गेलं?

वीज. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे ‘लाईट गेले’ म्हणतात, आपल्याकडे ‘लाईन गेली’. अहिराणीत ‘लाईन गयी’, आणि परत आली की ‘लाईन उनी’. भुसावळ, यावल, रावेरकडे अंगणातून हाक येते, ‘लाईन आली का रे भो?’

मला वाटतं या शब्दामागे शेती आहे. शहरात वीज म्हणजे आधी दिवा, म्हणून तिकडे ‘लाईट’. आपल्याकडे वीज म्हणजे आधी विहिरीवरची मोटर. ती चालते खांबावरून आलेल्या तारांवर, आणि तिला तिन्ही फेज लागतात. घरात सिंगल फेजवर बल्ब लागलेला असतो, पंखा फिरत असतो, तरी शेतकरी म्हणतो, ‘लाईन नाही’. त्याच्या दृष्टीने ते अगदी खरं असतं, कारण मळ्यातली थ्री फेज आलेली नसते. गावठाणाचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी विजेची वाट, वेगळा, शेतीचा वेगळा. ‘लाईन’ म्हणजे प्रकाश नव्हे, पुरवठा. म्हणून ‘लाईट आहे पण लाईन नाही’ हे वाक्य बाहेरच्याला कोडं वाटतं आणि आपल्याला बातमी.

केळीच्या पट्ट्यात हा शब्द झोपेतही ऐकू येतो. रात्रपाळीचा आठवडा असला की माणूस मळ्यातल्या खोलीत खाटेवर पडतो आणि बल्बचं बटण मुद्दाम चालू ठेवतो. रात्री दोनला एकदम डोळ्यांवर उजेड येतो. पाठोपाठ स्टार्टर खट्ट करून बसतो, मोटर घूंऽऽ करते, पाइपातली हवा फसफसते आणि मग पाणी. त्यानंतर तो उठून बॅटरी घेऊन पाणी भरायला जातो, कारण सकाळपर्यंत लाईन राहील याची खात्री नसते. शेतीला दिवसा लाईन मिळावी ही मागणी का एवढी जुनी आहे, ते त्या अंधारात सापाच्या भीतीने काठी आपटत चालून बघितल्याशिवाय कळत नाही.

‘लाईन गेली’ आणि ‘लाईन बंद केली’ एकच का?

अजिबात नाही. या पानावरचा हा एक प्रश्न तरी नीट वाचा.

गेलेली लाईन कुठल्याही क्षणी परत येते. ती कोणी मुद्दाम थांबवलेली नसते. कुठेतरी फांदी टेकली, फीडर ट्रिप झाला, डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा, डीओ फ्यूज उडाला, दुरुस्ती झाली की उपकेंद्रातला माणूस ती सोडतो. तुम्ही त्या वेळी खांबावर आहात हे त्याला माहीत नसतं. बंद केलेली लाईन वेगळी. नाना सांगायचे की कामाला हात लावायच्या आधी उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, स्विच उघडायचा, लाईन मेली आहे हे तपासायचं, डिस्चार्ज रॉडने ती जमिनीशी जोडायची, आणि मगच वर चढायचं. काम संपलं की खाली उतरून, माणसं मोजून, परमिट परत करायचं. ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं, दुसऱ्याने नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा पावसाळ्यात ‘लाईन गेलीय’ एवढ्या भरवशावर डीपीवरचा फ्यूज घालायला गेला होता. लाईन आली. तो वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं आजही पूर्ण वळत नाहीत. नाना त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आम्हा भावंडांना एक सवय लावली. घरात कोणी ‘लाईन गेली’ म्हटलं की ते विचारायचे, ‘गेली, का बंद केली?’ मीही वर्गात तेच विचारते.

तार तुटून पडली असेल तर ती मेलेली आहे असं कधीच धरू नका. दहा मीटर तरी लांब राहा, जनावरं तिकडे जाऊ देऊ नका आणि १९१२ या क्रमांकावर कळवा. ओल्या जमिनीत करंट तारेभोवती पसरतो, म्हणून लांब टांगा टाकत पळू नका. पाय जमिनीला घासत, एकमेकांजवळ ठेवत मागे सरका.

इंग्रजीत बोलताना ‘द लाईन हॅज गॉन’ म्हटलं तर चालेल का?

नाही, समोरच्याला फोन तुटल्यासारखं वाटेल. विजेसाठी इंग्रजीत ‘पॉवर’ म्हणा. ‘पॉवर लाईन’ म्हणजे तारा, त्यातून येते ती ‘पॉवर’. आपण तारेचं नाव विजेला दिलं, आणि ते खानदेशाबाहेर जाताना घरी ठेवायचं.

‘सुरत लाईन’, ‘मुंबई लाईन’ हे काय प्रकरण आहे?

रेल्वेचं. जळगावला दोन वाटा भेटतात. एक चाळीसगाव, पाचोऱ्यावरून येणारी मुंबईची, दुसरी नंदुरबार, अमळनेरवरून येणारी सुरतेची. पुढे भुसावळला फाटा फुटतो, एक वाट नागपूरकडे आणि एक खंडव्याकडे. म्हणून आपल्याकडे माणसाचा पत्ताही लाईनवरून सांगतात. ‘सासर कुठे?’ ‘सुरत लाईनला, अमळनेरजवळ.’ समोरच्याला लगेच कळतं की गाडी कुठली, माहेरी यायला वेळ किती. मुख्य लाईनपासून बाजूला पडलेल्या धुळ्याला चाळीसगावहून फाटा आहे. धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लाईनला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, आणि तेव्हा चहाच्या टपरीवर ‘लाईन आली’ म्हणजे वीज नव्हे, रेल्वे, असा अर्थ काही दिवस चालला.

पाचोरा–जामनेर या छोट्या लाईनचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नॅरोगेज, रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. लोक तिला ‘पीजे’ म्हणत. करोनाच्या काळात ती थांबली. तिच्या खिडकीतून हात बाहेर काढला की ज्वारीची कणसं लागतील असं वाटायचं.

याच लाईनीने आपल्याला ‘अपडाऊन’ दिला. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप, मुंबईपासून दूर जाणारी डाऊन. नोकरीसाठी रोज गाडीने जाऊन येणाऱ्याला आपण म्हणतो, ‘तो भुसावळला अपडाऊन करतो’. पासधारकांच्या गर्दीत जन्मलेलं हे क्रियापद आहे. इंग्रजी माणसाला हे वाक्य कळणार नाही, त्याच्यासाठी शब्द ‘कम्यूट’.

‘लाईन क्लिअर’ हे नुसतं बोलणं आहे की खरा शब्द आहे?

खरा शब्द आहे, रेल्वेच्या नियमांतला. पुढच्या स्टेशनने ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्या स्टेशनने गाडी सोडायची नाही. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा त्यामागचा हिशेब. वीज खात्यातही दुरुस्तीसाठी लाईन हातात मिळण्याला ‘लाईन क्लिअर’च म्हणतात. गंमत बघा, रेल्वेत लाईन क्लिअर मिळाली की गाडी धावते, वीज खात्यात मिळाली की वीज थांबते. भुसावळचा रेल्वेवाला आणि शेजारच्या दीपनगरच्या वीज केंद्रातला कामगार एकाच पंगतीत जेवायला बसले तर एकच शब्द उलट अर्थाने बोलतील. दोघांच्याही तोंडी त्याचा गाभा मात्र एकच राहतो: आता वाटेवर दुसरं कोणी नाही.

शेतात ‘लाईन’ म्हणजे ओळ की नळी?

दोन्ही, आणि इथेच गोंधळ होतो. ठिबकात मेनलाईन, तिच्यापासून सबमेन, आणि सबमेनपासून झाडांपर्यंत जाणाऱ्या नळ्या, म्हणजे लॅटरल. विहिरीपासून शेतापर्यंत जमिनीखालून नेलेली ती पाइपलाइन. दुसरीकडे केळीची लागवड करताना मजुराला ‘लाईन धरून खड्डे घे’ सांगतात, तिथे लाईन म्हणजे दोरी किंवा ओळ. ‘तिसऱ्या लाईनीला पाणी जात नाही’ असा निरोप मिळाला तर विचारून घ्यावं लागतं, तिसरी ओळ की तिसरी नळी.

पिकाच्या ओळीला आपल्याकडे ‘तास’ हा सुंदर शब्द आहे. कपाशीचं तास, ज्वारीचं तास. निंदताना एका बाईच्या वाट्याला येणारा पट्टा म्हणजे ‘पात’. ‘माझी पात लागली’ म्हणजे माझा पट्टा शेवटाला पोचला. हे शब्द आमच्या आईच्या तोंडी सहज होते. माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना विचारलं तर ‘तास’ म्हणजे शाळेचा तास, एवढंच सांगतात. ते ऐकून मला वाईट वाटतं, कारण शेतात उभं राहून ‘लाईन’ म्हटलं तर पाच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, ‘तास’ म्हटलं तर एकच.

ओळ, रांग, रेघ, रेषा, पंगत: कोणता शब्द कुठे?

हाताने ओढतो ती रेघ. भूमितीत असते ती रेषा, आणि ती दोन्ही बाजूंना न संपणारी असते. संपली तर तो रेषाखंड. नकाशावरची, कायद्यातली, सरकारी कागदातली हद्दही रेषाच, म्हणून नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा. वहीत लिहितो ती ओळ, कवितेची असेल तर पंक्ती म्हटलं तरी शोभतं. माणसं, मुंग्या आणि डोंगर रांगेत असतात, सातपुड्याची रांगच म्हणतात. जेवायला बसलेल्यांची पंगत, मग पानात बट्टी-वरण असो की पुरणपोळी. आणि गुरं बांधतात ती दावण.

आता खत विकत घ्यायला गेल्यावर दुकानदार ‘रांगेत या’ म्हणत नाही, ‘लाईनीत या’ म्हणतो, आणि त्यात बिघडलं काही नाही. कापूस खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरची ‘लाईन लागते’, तीही तशीच. पण ‘पंगतीत बसा’च्या जागी ‘लाईनीत बसा’ ऐकलं की मला जेवण नको वाटतं.

‘पोरगं कोणत्या लाईनला गेलं?’ हे इंग्रजी आहे का?

आहे, चांगलं इंग्रजी आहे. ‘लाईन ऑफ वर्क’ म्हणजे धंदा, पेशा. ‘तो कापसाच्या लाईनीत आहे’, ‘तिने लाईन बदलली’ हे त्यातूनच आलं. ‘सायन्स लाईन’ मात्र आपली भर. इंग्रजीत तिथे ‘स्ट्रीम’ म्हणतात, मुलाखतीत तोच शब्द वापरा.

‘लाईन मारणे’ याचं इंग्रजी काय?

हा प्रश्न वर्गात खिदळत विचारला जातो. मी मात्र सरळ उत्तर देते. दोघांच्या मर्जीने चाललेल्या गमतीला इंग्रजीत ‘फ्लर्ट’ म्हणतात. पण आपल्याकडे ‘लाईन मारणे’ बऱ्याचदा एकतर्फी असतं. मुलीच्या मागे सायकल, मग मोटरसायकल, मग मोबाइलवर संदेश. तिने नको म्हटल्यावरही हे चालू राहिलं तर त्याला इंग्रजीत ‘स्टॉकिंग’ म्हणतात. २०१३ मध्ये तो कायद्याने गुन्हा ठरला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. मुलांनी हा अर्थ माहीत करून घ्यावा, मुलींनी तर नक्कीच.

‘पोलीस लाईन’मध्ये लाईन कुठली?

घरांची. ब्रिटिश काळात छावण्यांत शिपायांच्या झोपड्या सरळ ओळीत बांधत, त्यावरून वस्तीलाच ‘लाईन्स’ म्हणू लागले.

‘डेडलाईन’, ‘हेल्पलाईन’, ‘ऑनलाईन’ यांतही तीच लाईन का?

तीच, पण प्रत्येकीची गोष्ट वेगळी. डेडलाईनची गोष्ट भीषण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथल्या कैद्यांच्या छावणीत आतल्या बाजूने एक हद्द आखली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती ‘डेड लाईन’. आज गृहपाठाच्या तारखेला आपण तोच शब्द वापरतो. मी वर्गात ‘शेवटची तारीख’ म्हणते.

हेल्पलाईनमधली लाईन टेलिफोनच्या तारेची. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, कुठल्याही तातडीच्या प्रसंगी ११२. हे आकडे मी फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवते.

‘ऑनलाईन’ हे आता खेड्यात क्रियापदासारखं झालं आहे. ‘फॉर्म ऑनलाईन केला का?’, ‘सातबारा ऑनलाईन काढला.’ गावात लाईन नसेल तर ऑनलाईनही होत नाही, हे सेतू केंद्रासमोर उभ्या असलेल्या कुठल्याही आजीला समजावून सांगावं लागत नाही.

‘लाईन’ स्त्रीलिंगी का? आणि लिहायचं कसं, लाईन की लाइन?

इंग्रजीत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं लिंग नसतं, ते आपण दिलं. ओळ, रांग, रेघ, तार, दोरी, वीज, सगळ्या ‘ती’, त्यांच्यात येऊन बसलेली ही नवीही ‘ती’ झाली असावी. अनेकवचन ‘लाईनी’, आणि विभक्ती लागताना ‘लाईनीत’, ‘लाईनीवर’. ‘लाईनमध्ये’ हेही रूढ आहे. ‘लाईन’ आणि ‘लाइन’ दोन्ही रूपं छापलेली दिसतात. निबंधात कोणतंही एक घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

मराठी बोलताना ‘लाईन’ टाळावा का?

जिथे आपला शब्द नेमका आहे तिथे तो वापरा. तास, पात, पंगत, दावण यांच्या जागी ‘लाईन’ आला की एक बघण्याची रीत हरवते. पण ‘लाईन आली’ला मी पर्याय शोधणार नाही. ‘वीजपुरवठा पूर्ववत झाला’ हे वर्तमानपत्रात ठीक आहे. पावसाळ्यात दोन दिवस अंधारात काढलेल्या गल्लीत पोरं दारातून उड्या मारत जे ओरडतात, ते ‘लाईऽऽन आली’ असंच असतं, आणि खांबावरून उतरून, हातमोजे काढत घरी येणारे नाना ते ऐकायला गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ थांबायचे.